कारखान्यात ‘दिवस गेले’ हे कधी सांगायचे? एका मौनाचा शंभर वर्षांचा इतिहास

#धागा

१/२३
पिंपरी-चिंचवडपासून भोसरी, मोशी, चाकणपर्यंत पसरलेल्या पट्ट्यात नोकरी करणाऱ्या स्त्रीला दिवस गेले की घरात एक हिशेब सुरू होतो. सुपरवायझरला कधी सांगायचे? तिसरा महिना सरल्यावर, पोट दिसू लागल्यावर, की ठेक्याची मुदत वाढवून मिळाल्यावर? हा हिशेब ज्याच्या-त्याच्या घरातला वाटतो. परंतु तो शंभर वर्षे जुना आहे, आणि त्याची सूत्रे मुंबईच्या गिरण्या, विधिमंडळ आणि न्यायालये यांनी ठरवलेली आहेत.

२/२३
घराचे स्वतःचे एक वेळापत्रक असते. तिसरा महिना सरेपर्यंत बाहेर वाच्यता करू नये, दृष्ट लागते, असे आजही सांगितले जाते. त्यामागे अनुभव आहे. बहुतेक गर्भपात पहिल्या बारा आठवड्यांत होतात. पुढे सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, ओटी भरली जाते आणि बातमी चारचौघांत जाहीर होते. कारखान्याचे वेळापत्रक मात्र वेगळ्या गोष्टींवर चालते : हजेरीचे दिवस, ठेक्याची मुदत, पाळ्यांचे नियोजन. या दोन वेळापत्रकांचा मेळ बसत नाही, तेथे स्त्री गप्प राहते.

३/२३
हे मौन समजून घेण्यासाठी १९२० च्या दशकातील मुंबईत जावे लागते. तेव्हा कापड गिरण्यांतील सुमारे एक पंचमांश कामगार स्त्रिया होत्या. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या या स्त्रिया मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत काम करीत. त्यांच्यावर देखरेख ठेवणारी बाई म्हणजे नायकीण. कामावर घेणे, काढणे, खाडा माफ करणे हे पुष्कळसे तिच्या हाती असे. बाळंतपणासाठी गेलेल्या बाईची जागा राखून ठेवण्याचे बंधन कोणावरही नव्हते. परत आल्यावर पुन्हा नायकिणीची मर्जी सांभाळावी लागे. त्यामुळे जितके उशिरा कळेल तितके बरे, हा व्यवहार रूढ झाला.

४/२३
या परिस्थितीची सरकारी पाहणी मुंबई इलाख्यात लवकर झाली. सरकारने डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांना गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाळंतपणाचा अभ्यास करण्यास नेमले आणि १९२२ मध्ये त्यांची निरीक्षणे प्रसिद्ध झाली. आई कामावर असताना तान्ह्या मुलांना झोपवून ठेवण्यासाठी अफूची ‘बाळगोळी’ देण्याची चाल किती सर्रास आहे, हे त्यांनी नोंदवले. ज्या शहरात कापडाच्या गाठींचा चोख हिशेब ठेवला जात होता, तेथे बाळंतपणाचा हिशेब प्रथमच कागदावर आला.

५/२३
त्याआधी १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेचे पहिले अधिवेशन भरले होते. तेथे मातृत्व-संरक्षणाचा करार संमत झाला. प्रसूतीनंतर सहा आठवडे कामास मनाई, प्रसूतीपूर्वी वैद्यकीय दाखल्यावर सहा आठवड्यांपर्यंत रजा आणि या काळात उदरनिर्वाहाचा खर्च. हा खर्च सार्वजनिक निधीतून किंवा विम्यातून व्हावा, असे करारात म्हटले होते. म्हणजे तो एकट्या मालकाच्या खिशातून जाणार नव्हता. हा मुद्दा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढचा सारा गुंता त्यातून निर्माण झाला. भारताने हा करार स्वीकारला नाही.

६/२३
कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात मातृत्व-लाभाचे विधेयक आणले. १९२५ मध्ये ते फेटाळले गेले. स्त्रिया बाळंतपणाला गावीच जातात, पुरेशा स्त्री-डॉक्टर नाहीत, स्त्रियांची स्वतःची अशी मागणीच नाही, असे आक्षेप त्या काळात घेतले जात. मागणी केल्यास नोकरी जाण्याची भीती असणाऱ्या स्त्रियांकडून मागणीचा पुरावा मागण्यासारखेच ते होते.

७/२३
यानंतर हा प्रश्न मुंबई विधिमंडळात आला. आर. एस. असवले यांनी मांडलेल्या विधेयकावर २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. प्रसूतीपूर्वी आणि प्रसूतीनंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी मांडले. त्यामुळे खर्चाचा काही भार सरकारनेही उचलला पाहिजे, हे त्यांना मान्य होते. परंतु मालकाला त्यातून मोकळे सोडता येणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. मालक विशिष्ट खात्यांत स्त्रियांना नेमतो, कारण त्यात त्याचा फायदा असतो. ज्याला फायदा, त्याने खर्चाचा वाटाही उचलावा, असा तो युक्तिवाद होता.

८/२३
१९२९ मध्ये मुंबई मातृत्व-लाभ कायदा झाला. भारतातील या प्रकारचा हा पहिला प्रांतिक कायदा. प्रसूतीनंतर चार आठवडे स्त्रीला कामावर ठेवण्यास मनाई झाली आणि दिवसाला आठ आणे दराने लाभ ठरला. पुढच्याच वर्षी, १९३० मध्ये, मध्य प्रांतानेही असा कायदा केला. त्यामुळे विदर्भातील गिरणी-कामगार स्त्रियांपर्यंत हे संरक्षण पोहोचले.

९/२३
या कायद्याने ‘सांगणे’ या कृतीला प्रथमच कायदेशीर अर्थ दिला. लाभ हवा असेल तर स्त्रीने मालकाला लेखी सूचना द्यायची. शिवाय त्याच कारखान्यात ठरावीक महिने नोकरी झालेली असली पाहिजे. बहुसंख्य स्त्रियांना लिहिता येत नव्हते, म्हणजे सूचना दुसऱ्याकडून लिहून घेऊन अंगठा उठवणे आले. त्याहून मोठी अडचण पैशांची होती. लाभाची सगळी रक्कम मालकाने द्यायची होती. सूचना हाती पडण्याआधीच बाईला काढले, तर आठ आणेही वाचत होते.

१०/२३
आणि तसेच घडत गेले. द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखालील श्रमिक चौकशी समितीचा मुख्य अहवाल १९४६ मध्ये आला. गरोदरपणाची पहिली चिन्हे दिसताच स्त्रियांना कामावरून कमी करण्याची, तसेच अविवाहित किंवा मुले होण्याचे वय उलटलेल्या स्त्रियाच नेमण्याची प्रवृत्ती समितीने नोंदवली. कायद्याने हक्क दिला होता. पण तो मागण्याची वाट अशी आखली होती की, वेळेआधी सांगणारी बाई नोकरी गमावत होती आणि न सांगणारी लाभ गमावत होती.

११/२३
यावरचा उपाय १९१९ च्या करारातच होता : विमा. प्रा. भा. पु. आडारकर यांनी १९४४ मध्ये औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना सादर केली. तिचे फलित म्हणजे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे कामगारांच्या बोलण्यातला ‘ईएसआय’. मालक आणि कामगार दोघे दरमहा वर्गणी भरतात आणि मातृत्व-लाभ महामंडळ देते. एखादीच्या बाळंतपणासाठी मालकाला वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. त्यामुळे बातमी कळताच तिला काढण्याचे निदान एक कारण तरी कमी झाले.

१२/२३
ईएसआयच्या बाहेर राहणाऱ्यांसाठी १९६१ चा मातृत्व-लाभ कायदा आला. बारा आठवड्यांची पगारी रजा मिळाली. त्यासाठी प्रसूतीपूर्वीच्या बारा महिन्यांत १६० दिवस काम केलेले असण्याची अट होती. १९८८ च्या दुरुस्तीने ती ८० दिवसांवर आली. या कायद्यातील एक तरतूद फारशी बोलली जात नाही : गरोदर असताना सूचना दिली नसेल, तर प्रसूतीनंतर शक्य तितक्या लवकर देता येते आणि सूचना न दिल्यामुळे हक्क आपोआप बुडत नाही. न सांगितल्याबद्दलची शिक्षा कायद्याने येथे मागे घेतली.

१३/२३
याच काळात पिंपरीचे रूप पालटत होते. १९५४ मध्ये येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि भोसरी-चिंचवडच्या माळरानावर कारखाने उभे राहिले. १९७० मध्ये नवनगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. गिरणीत बायका पहिल्यापासून होत्या. वाहने आणि यंत्रे बनवणारा हा नवा कारखाना मात्र पुरुषांचाच मानला जात होता.

१४/२३
त्याचा प्रसिद्ध दाखला १९७४ मधला आहे. पुण्याच्या टेल्कोने अभियंत्यांसाठी दिलेल्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये, असे म्हटले होते. सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवून त्याचा जाब विचारला आणि पुढे त्या तेथे रुजू झाल्या. स्त्रियांना घ्यायचेच नाही, हा गरोदरपणाचा प्रश्न टाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग होता. तो हळूहळू बंद होऊ लागल्यावर मालकवर्गाने दुसरे मार्ग शोधले. त्यांचा इतिहास न्यायालयांच्या निकालांत सापडतो.

१५/२३
पहिला मार्ग : लग्न झाले की नोकरी संपली. मुंबईच्या इंटरनॅशनल फ्रँचायझेस या औषधकंपनीत असा नियम होता. कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. विवाहित स्त्रियांचे खाडे अधिक होतात आणि पॅकिंगचे काम गटाने चालते, असे कंपनीचे म्हणणे. फरक असलाच तर तो प्रसूती-रजेचा आहे आणि त्यासाठी जादा माणसांची सोय ठेवता येते, असे सांगून न्यायालयाने १९६५ मध्ये हा नियम रद्द ठरवला.

१६/२३
दुसरा मार्ग : पहिले गरोदरपण म्हणजे निवृत्ती. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना हा नियम लागू होता. त्यांच्यासाठी ‘कधी सांगायचे’ याचा अर्थ ‘नोकरी कधी सोडायची’ एवढाच होता. नर्गिस मिर्झा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये ही अट घटनाबाह्य ठरवली. मात्र नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न करण्यास असलेली बंदी त्याच निकालात कायम राहिली. हक्क एकदम मिळाले नाहीत, तुकड्यातुकड्यांनी मिळाले.

१७/२३
तिसरा मार्ग अधिक सूक्ष्म होता : आधीच विचारून घेणे. आयुर्विमा महामंडळात नेमणुकीच्या वेळी स्त्रियांना एक घोषणापत्र भरावे लागे. त्यात मासिक पाळीची तारीख, आधीची गरोदरपणे, सध्या गरोदर आहे का, असे रकाने होते. नीरा माथुर यांनी खोटी माहिती भरली, असे म्हणून त्यांना परिवीक्षाकाळात, प्रसूती-रजेनंतर काढण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये त्यांना कामावर परत घेण्यास सांगितले आणि स्त्रीच्या आत्मसन्मानाला धक्का लावणारे हे रकाने काढून टाकण्यास महामंडळाला सुचवले.

१८/२३
या निकालाचे महत्त्व ‘कधी सांगायचे’ या प्रश्नासाठी सर्वाधिक आहे. त्यापूर्वीची समजूत अशी, की स्त्रीने सांगितले नाही तर ती काहीतरी लपवते आहे. १९९१ नंतर प्रश्नाची दिशा बदलली : विचारणाऱ्याला तो अधिकार आहे का? न सांगणे ही फसवणूक मानायची, तर आधी विचारणे न्याय्य असले पाहिजे. न्यायालयाने ते न्याय्य मानले नाही.

१९/२३
पुढची दोन पावले याच दिशेने पडली. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महानगरपालिकेच्या रोजंदारीवरील स्त्रियांनाही मातृत्व-लाभ द्यावा, असा निकाल दिला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. आणखी एक कलम आले : नेमणुकीच्या वेळीच प्रत्येक स्त्रीला हे सारे लाभ लेखी कळवण्याचे बंधन मालकावर घातले गेले. १९२९ मध्ये सूचना स्त्रीने द्यायची होती. २०१७ मध्ये पहिली सूचना देण्याची पाळी मालकावर आली.

२०/२३
कागदावरचा इतिहास येथवर येतो. चाकण, म्हाळुंगे, निघोजेच्या रस्त्यांवर सकाळी पाळीच्या बसमधून उतरणाऱ्या मुलींपैकी अनेक जणी मात्र ठेकेदारामार्फत कामावर असतात किंवा शिकाऊ उमेदवार असतात. शिकाऊ उमेदवार कायद्याने ‘कामगार’ गणलाच जात नाही. सलग २४० दिवस भरू नयेत म्हणून ठेक्यावरच्यांना आधीच ‘ब्रेक’ देण्याची चाल या पट्ट्याला चांगली ठाऊक आहे. बाळंतपणाला आपण नऊ महिने नऊ दिवस म्हणतो. ज्या ठेक्याची मुदत त्याहून कमी आहे, तेथे कोणालाही काढावे लागत नाही. मुदत वाढवली नाही की झाले. कारण लिहावे लागत नाही, आणि तेच सिद्ध करणे सर्वांत अवघड असते.

२१/२३
या फटीकडेही न्यायालयाचे लक्ष गेले आहे. कविता यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केले की, कराराची मुदत मध्येच संपली तरी पात्र स्त्रीचा मातृत्व-लाभ थांबत नाही. ईएसआयमध्येही हक्क जमा झालेल्या वर्गणीवर ठरतो : मागील दोन वर्गणी-काळांत ७० दिवसांची वर्गणी. चिंचवडच्या मोहननगरमधील ईएसआय रुग्णालयात जाणाऱ्या ठेक्यावरच्या बाईसाठी ठेकेदाराची मर्जी हा हक्काचा आधार नाही. आपली वर्गणी खरोखर भरली जाते का, हे पाहणे तिला अधिक उपयोगाचे आहे.

२२/२३
तरीही एक गोष्ट कायद्याने सुटलेली नाही. तासन्‌तास उभे राहण्याचे किंवा कष्टाचे काम नाकारण्याचा हक्क १९६१ च्या कायद्याने स्त्रीच्या विनंतीवर दिला. मात्र तो प्रसूतीच्या सुमारे दहा आठवडे आधीपासून सुरू होतो. मळमळ, चक्कर, गर्भपाताचा धोका हे सारे पहिल्या तीन महिन्यांत असते. त्याच काळात घराची रीत आणि नोकरीची भीती दोन्ही तिला गप्प राहायला सांगतात. गर्भपात झाल्यास सहा आठवड्यांची पगारी रजा पुराव्यानिशी मिळते, पण तोपर्यंत जपण्याची जबाबदारी तिच्या एकटीवर राहते. २०२२ मध्ये टाटा मोटर्सच्या पुण्यातील कारखान्यात सुमारे १,५०० स्त्रिया हॅरिअर आणि सफारी गाड्यांची संपूर्ण जोडणी करू लागल्या. ज्या पट्ट्यात जोडणीची अख्खी मार्गिका स्त्रिया चालवतात, तेथे या पहिल्या तीन महिन्यांची सोय हा अपवादाचा विषय राहिलेला नाही.

२३/२३
‘कधी सांगायचे’ याचे एकच उत्तर इतिहास देत नाही. एक भेद मात्र तो स्पष्ट दाखवतो. कानावर घालणे वेगळे आणि लेखी कळवणे वेगळे. नायकिणीच्या कानावर घातलेल्या बातमीने कोणाची नोकरी वाचल्याची नोंद राहिली नाही. तारीख घातलेला, पोच घेतलेला कागद मात्र निरीक्षकासमोर आणि न्यायालयात उभा राहू शकतो, कारण मालकाला माहीत होते आणि त्यानंतर काढले, हे त्यावरून दाखवता येते. मैत्रिणीला, लाइनवरच्या ताईला कधी सांगायचे हे तिच्या मनावर आहे. सांगायला उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. आणि सांगितले म्हणून नोकरी जात असेल, तर आंबेडकरांनी १९२८ मध्ये मांडलेला युक्तिवाद अजून संपलेला नाही.

धागा समाप्त.